मावशीकडे नेलेला बॅगांचा काटा

मी सव्वीस वर्षं भुईकाट्यावर काढली. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, ड्रायव्हर-क्लीनरला खाली उतरवायचं, आकडा थांबला की पावती फाडायची. असा माणूस मुठीत मावणाऱ्या काट्याकडे कसा बघेल ते सांगायला नको. लेकीनं ऑनलाइन मागवलेला, बॅगा तोलायचा डिजिटल काटा टेबलावर ठेवला तेव्हा मी विचारलं, "हे खेळणं कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच, बाबा. मावशीआजीकडे जाताना विमानतळावर बॅगा उघडून बसायचं नाहीये मला."

बॅग उघडून बसावंच लागलं, आणि तेही माझ्यामुळे. ते पुढे येईलच.

निमित्त असं की माझी धाकटी मावशी पंचावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन परदेशी गेली. तिचा मुलगा, मुलगी, त्यांची मुलं, काकांचे भाऊ-भावजया, सगळा गोतावळा तिकडेच वाढला. मावशी आता ८१ वर्षांची. "नव्या वर्षाला या रे सगळे, पुढचं कुणी पाहिलंय" हे ती दर वर्षी फोनवर म्हणते आणि हसते. या वेळी म्हणताना हसली नाही, म्हणून तिकिटं काढली. मी, बायको आणि लेक. २६ डिसेंबरला निघायचं, ३ जानेवारीला परत. माणशी एक बॅग, २३ किलो. हातातली ७ किलो.

आणि मावशीनं मागितलं काय, तर शिवणयंत्र. "ताईचं मशीन आहे का अजून?" एवढंच तिनं विचारलं होतं. ताई म्हणजे माझी आई. दोघी बहिणी त्याच मशीनवर शिवण शिकल्या. आई गेल्यापासून ते माळ्यावर झाकून ठेवलेलं. खालचं लाकडी पाट काढून नुसतं बिडाचं वरचं धड घेतलं तरी ते ११.४ किलो भरलं. म्हणजे एका बॅगेतलं अर्धं वजन तिथेच संपलं. तेव्हा कुठे मी त्या खेळण्याकडे नीट पाहिलं.

वस्तू दिसायला साधीच आहे. वर मुठीची दांडी, मधे इवलासा पडदा, खाली नायलॉनचा पट्टा आणि त्याला अडकवायचं बक्कल. पट्टा बॅगेच्या मुठीतून ओवायचा, बक्कल लावायचं, बटण दाबून शून्य येऊ द्यायचं आणि उचलायचं. आकडा दोन-तीन सेकंद एका जागी राहिला की बीप वाजतो आणि आकडा गोठतो, मग बॅग खाली ठेवून निवांत वाचा. हे गोठणं मला सगळ्यात आवडलं, कारण बॅग उचललेली असताना पडदा नेमका आपल्या पोटाकडे वळलेला असतो आणि दिसत काही नाही. काट्याची मर्यादा ५० किलो, टप्पा १० ग्रॅमचा. आत नाण्यासारखी चपटी बॅटरी. त्या बॅटरीबद्दल मला भांडायचं आहे, पण नंतर.

आता हा १० ग्रॅमचा टप्पा. आमचा भुईकाटा ६० टनी, त्याचा टप्पा १० किलोचा. म्हणजे शून्यापासून टोकापर्यंत ६,००० टप्पे. हा काटा ५० किलोचा, म्हणजे ५,००० टप्पे. काँक्रीटच्या पायावर बसवलेल्या, दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यायच्या यंत्राशी हे मुठीतलं पोर जवळजवळ बरोबरी सांगतंय! मला ते पटेना. पडद्यावर दशांश चिन्हापुढे दोन आकडे दिसतात म्हणून ते दोन्ही खरे असतील असं नाही. गिऱ्हाइकाला आकडा दिसला की तो देववाणी वाटतो, हे मी जन्मभर पाहत आलोय.

म्हणून जुन्या ठिकाणी गेलो. तिथे अजून ओळख आहे आणि शिक्क्याची २० किलोची लोखंडी वजनंही आहेत. पट्ट्यात वजन अडकवून उचललं. १९.९८. पुन्हा, १९.९८. तिसऱ्यांदा २०.०१. दोन वजनं एकत्र बांधून ३९.९३. पाच किलोचं वजन बरोबर ५.००. काट्यावरचा पोरगा म्हणाला, "काका, बरा आहे की." मी काही बोललो नाही, पण बरा होता. ज्याच्याकडे अशी वजनं नाहीत त्यानं पाणी वापरावं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, साध्या तापमानाला दोन ग्रॅम कमी. मापून बादली भरा, तोला, रिकामी बादली वजा करा. काटा कुठल्या बाजूला झुकतो ते एकदा कळलं की झालं.

दोन्ही काट्यांच्या आत तत्त्वही एकच आहे, हे मला माहीत होतं तरी गंमत वाटली. वजनानं धातूचा ठोकळा अगदी किंचित वाकतो. त्यावर चिकटवलेली बारीक तारेची जाळी ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचा आकडा होतो. ही जाळी १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी एकमेकांना न विचारता शोधली. चाळीस टनांच्या ट्रकखाली तीच आणि बायकोच्या बॅगेवर तीच.

तर मग माशी कुठे शिंकली? काट्यात नाही, माझ्यात. निघायच्या आदल्या रात्री, मशीन ठेवलेली बायकोची बॅग मी पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत उभा राहून तोलली. २२.१८. शाबास! कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी काउंटरवर तीच बॅग २४.६ भरली. मी तिथल्या बाईंना काटा तपासायला सांगणार होतो, इतक्यात डोक्यात प्रकाश पडला. रात्री बॅगेचं एक चाक पलंगाच्या कडेला टेकलेलं होतं. अडीच किलो पलंगानं उचलले होते! मागचं चाक काट्याबाहेर राहिलंय म्हणून मी सव्वीस वर्षं ड्रायव्हरांवर ओरडत आलो. लेकीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या बघण्यावर पावती फाडता येत नाही.

मग रांगेतून बाजूला होऊन, फरशीवर उकिडवं बसून बॅग उघडली. मशीनभोवती गुंडाळलेली चादर तशीच ठेवून पुस्तकं आणि दोन स्वेटर माझ्या बॅगेत घातले, कारण माझी २०.९ होती. इथे एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगतो, आम्हालाही ती तिथेच कळली. एक बॅग २० आणि दुसरी २६, म्हणून सरासरी २३, असा हिशोब बहुतेक ठिकाणी चालत नाही. प्रत्येक बॅग आपापल्या वजनाची. आणि एकच बॅग ३२ किलोच्या वर गेली तर जादा पैसे द्यायला तयार असलात तरी सहसा घेत नाहीत, कारण ती माणसांनी उचलायची असते आणि त्यांच्या कंबरेचा प्रश्न असतो. त्यामुळे हा काटा एकूण वजन काढायला लागतच नाही. तो लागतो बॅगांमध्ये वाटणी करायला, आणि त्या कामाला तो उत्तम.

तोलायची रीत तिकडे पोचल्यावर बसली. काट्याच्या मुठीत एका हातानं २३ किलो धरून स्थिर उभं राहणं साठीच्या माणसाचं काम नाही. हात थरथरतो, आकडा नाचतो आणि कधी कधी झोक्याच्या भलत्याच क्षणी गोठतो. मावसभावाच्या गॅरेजमध्ये फावड्याचा जाड दांडा होता. तो मुठीच्या खालून घातला, दोन बाजूंना दोन पोरं उभी केली, बॅग मधोमध लटकवली, आजूबाजूला हातभर मोकळी जागा. चाक, पाय, भिंत, कशालाही टेकायचं नाही. तीनदा तोलायचं आणि जो आकडा दोनदा येईल तो धरायचा. मुठीला छोटी कडी दिली असती तर दांडा नीट बसला असता. या किमतीच्या... असो, किमतीचं लिहीत नाही, ती रोज बदलते.

घरात चौदा माणसं होती. मावशी, काका, मावसभाऊ आणि त्याची बायको, मावसबहीण आणि तिचे यजमान, चार पोरं, काकांचा एक भाऊ आणि आम्ही तिघं. पहिल्याच संध्याकाळी मशीन बाहेर काढलं. मावशीनं चादर स्वतः सोडली. चाकावर हात ठेवून हळूच अर्धा फेरा दिला, सुईची दांडी खाली गेली, वर आली. "आवाज तोच आहे रे," म्हणाली. मग इतका वेळ काही बोलली नाही की पोरं आपोआप शांत झाली. थोड्या वेळानं तिला काय वाटलं कोण जाणे, मला म्हणाली, "कितीचं आहे हे? तुझ्या त्या काट्यावर सांग बघू." तोललं तर ११.४३.

आणि इथे पुतण्यानं मला गाठलं. मावसभावाचा मोठा मुलगा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकतो. मला सवय अशी की पोचल्यावर बॅगा पुन्हा तोलायच्या. नंतर ताडून बघता यावं म्हणून निघताना विमानतळावरच, रांगेबाहेर, मी माझी बॅग याच काट्यानं उचलून २२.६२ अशी नोंद केली होती. तिकडे ती भरली २२.६९. मी म्हटलं, बॅटरी उतरली असेल. पुतण्या म्हणाला, "काका, बॅटरी नाही, पृथ्वी." विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण थोडं कमी, ध्रुवाकडे थोडं जास्त. ९.७८ आणि ९.८३. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे २३ किलोच्या बॅगेला टोकापासून टोकापर्यंत १२० ग्रॅम. मावशीचं गाव आमच्यापेक्षा पस्तीस अंश उत्तरेला. तेवढ्यानं साठ-सत्तर ग्रॅम वाढतात. हा काटा वस्तुमान मोजत नाही, ओढ मोजतो. म्हणूनच मोठे काटे जिथे बसवायचे तिथेच वजनं ठेवून जुळवून घेतात. इतकी वर्षं जुळवणी करणारा माणूस यायचा, वजनं रचायचा, मी सही करायचो, पण काटा कारखान्यातच का जुळवून आणत नाहीत हे कधी विचारलं नव्हतं. साठाव्या वर्षी, भाचरं-पुतण्यांच्या घोळक्यात, ते कळलं. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की थंड प्रदेशाकडे गेलात तर हातकाटा बॅग किंचित जड सांगेल आणि तिकडचा काउंटर सांगणार नाही. फरक तुमच्या फायद्याचा आहे, चिंता नको. उलट दिशेला गेलात तर मात्र मार्जिन थोडं जास्त ठेवा.

पोरांनी दोन दिवसांत घरातलं सगळं तोललं. बूट, मांजर (पिशवीत घालून, मांजराच्या मनाविरुद्ध), काकांचा शब्दकोश, एकमेकांची दप्तरं. त्यात कुणीतरी एककाचं बटण दाबलं. परतीच्या बॅगांची जमवाजमव सुरू झाली तेव्हा मावसबहिणीची धाकटी आतून ओरडली, "मामाची बॅग फुल! बावीस पॉइंट नऊ!" बायकोनं हातातली शाल परत ठेवली, मावशीचा चेहरा पडला. मी जाऊन बॅग उचलली तर एका हाताला आली. सव्वीस वर्षांत हात इतका तरी तयार झालाय, २३ किलो आणि साडेदहा किलो यांतला फरक कळतो. पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत पौंड लिहिलेलं होतं. २२.९ पौंड म्हणजे १०.४ किलो. बॅग अर्धीसुद्धा भरली नव्हती.

ही या काट्याची खरी खोट आहे. वजनाचा आकडा अंगठ्याएवढा आणि एकक मुंगीएवढं. शिवाय बंद करून चालू केला तरी तो शेवटचंच एकक धरून बसतो. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. १९८३ साली कॅनडात एका प्रवासी विमानात २२,३०० किलो इंधन हवं असताना किलो-पौंडाच्या गोंधळात त्याच्या निम्म्याहून कमी भरलं गेलं, आणि ४१,००० फुटांवर इंधन संपत आलं. दोन्ही इंजिनं बंद पडलेलं ते विमान वैमानिकांनी तरंगवत गिमली नावाच्या गावातल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, आतली ६९ माणसं वाचली. हा किस्सा मी जेवणाच्या टेबलावर सांगितला, तेव्हा त्या बटणावर चिकटपट्टी लावायचा ठराव एकमतानं झाला. ती अजून तिथेच आहे.

आता बॅटरी. झाकण नखानं सरकतं. स्क्रू नाही, खटका नाही, काही नाही. घरात दीड वर्षांचं पोर होतं, आणि त्या वयाच्या पोराला चकचकीत नाणं दिसलं की ते कुठे जातं हे आईबापांना सांगायला नको. ही चपटी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. मावसबहीण नर्स आहे. तिनं पहिल्या दिवशी काटा हातात घेतला, उलटा केला, झाकण सरकवून पाहिलं आणि मला म्हणाली, "दादा, हे वर ठेव. आत्ता." त्यानंतर काटा कपाटाच्या वरच्या फळीवर राहिला आणि मोठं माणूस असल्याशिवाय खाली आला नाही. इतकं साधं काम, एक स्क्रू! कंपनीनं तो वाचवला यासाठी मी एक तारा सरळ कापतो. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा जिथे पाहुणे म्हणून जायचंय तिथे लहान मूल आहे, त्यांनी स्क्रूचं झाकण असलेलाच काटा घ्यावा. तसे मिळतात.

थंडीचं थोडक्यात. बॅगा गॅरेजमध्ये होत्या आणि काटा रात्रभर तिथेच राहिला. सकाळी पडद्यावरचे आकडे आळस दिल्यासारखे सरकत होते, शून्यही धड येईना. आत आणून अर्धा तास ठेवला, मग ठीक.

३१ तारखेच्या रात्री बारा वाजेपर्यंत सगळ्यांना जागं ठेवायचं होतं. आमच्या घरी नवं वर्ष केव्हाच लागलेलं, सगळे फोन येऊन गेलेले, आणि विमानाची झोप अजून अंगात. अकरा वाजता मी टेबलाशी बसून डुलत होतो. तेव्हा मावसभावानं खेळ काढला. एका पिशवीत काहीबाही भरायचं, प्रत्येकानं हातात धरून अंदाज सांगायचा, मग काट्यावर खरं काय ते. मला सगळ्यांनी आधीच विजेता ठरवलेलं. पहिली पिशवी, मी म्हटलं साडेचार. भरली ५.२०. मावशीनं बसल्या जागी पिशवी मांडीवर ओढली, दोन्ही हातांनी जरा उचलली, म्हणाली "पाच आणि पाव." दुसरी पिशवी मी तीन म्हटलं, ती अडीच. भरली २.५६. तिसऱ्या पिशवीला मी अंदाजच सांगितला नाही. "तू ट्रक तोलायचास," मावशी म्हणाली, "मी पोरं आणि धुणं उचललंय." बारा कधी वाजून गेले ते बाहेरचा आवाज ऐकून कळलं.

काट्याला पर्याय काय, तर दोन. एक, अंघोळीच्या खोलीतला माणसांचा काटा. आधी एकटं उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी. फुकटात होतं, पण तो कडक फरशीवर ठेवा. गालिच्यावर ठेवलात तर बुडाला जोर मिळत नाही आणि भलतंच दाखवतो. मावसभावाकडचा काटा गालिच्यावर होता आणि त्यावर घरातले सगळे बारीक झालेले होते. दुसरा पर्याय, मुठीतच काटा बसवलेली बॅग. मावसबहिणीच्या यजमानांकडे तशी आहे. छान दिसते, पण यंत्राचं वजन बॅगेतच जातं, आणि तिच्यात फोन चार्ज करायची लिथियम बॅटरी असेल तर ती काढून हातात घेता आली पाहिजे. २०१८ पासून कित्येक विमान कंपन्या बॅटरी निघत नसलेली बॅग घेतच नाहीत. पॉवर बँकही तशीच, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच न्यायची. माझी पसंती या नव्वद ग्रॅमच्या डबीलाच.

परतीचा दिवस. येताना मशीन होतं, जाताना ते नाही, म्हणजे अकरा किलो मोकळे, असा आमचा भाबडा हिशोब. नातेवाइकांकडून परत येताना बॅग कधी हलकी होते का? २ तारखेच्या संध्याकाळपासून एकेक जण काहीतरी आणून "हे एवढंच" म्हणत होता. मी काटा घेऊन दाराशी बसलो. प्रत्येक "एवढंच" तोललं. काकांच्या भावानं दिलेली पुस्तकं ३.१०. बायकोला मिळालेला गरम कोट २.२०, तो अंगावर घालायचं ठरलं. कुणाला नाही म्हणायचं हे काट्यानं ठरवलं आणि माझ्यावर कुणी रागावलं नाही, हा त्याचा मोठाच उपकार. आकड्याशी कोण भांडणार? रात्री साडेअकराला तिन्ही बॅगा दांड्याला लटकवल्या. माझी २२.४०. मी नेहमी साडेबावीसला थांबतो. अर्धा किलो काट्याच्या चुकीला, हाताच्या चुकीला आणि नशिबाला.

सकाळी निघताना सवयीनं पुन्हा लटकवली. २३.०२.

मी पोरांकडे पाहिलं. पोरांनी दांडा धरलेला, माना हलवल्या. तिसऱ्यांदा तोललं, तरी तेच. रात्रीत ६२० ग्रॅम वाढले होते आणि कुलूप जसंच्या तसं. बाजूचा कप्पा मात्र कुलपाबाहेर होता. मावशी खिडकीबाहेर बघत होती. पाठमोरी. बायको हळूच म्हणाली, "राहू द्या ना." मी राहू दिलं.

विमानतळावर काउंटरच्या माणसानं नेहमीचा प्रश्न विचारला, बॅग तुम्हीच भरलीत का. हो म्हटलं. सहाशेवीस ग्रॅमचं खोटं बोललो. (कुणा अनोळखी माणसानं दिलेलं काही असतं तर मी असं कधीच केलं नसतं, आणि तुम्हीही करू नका.) बॅग पट्ट्यावर ठेवली, पडद्यावर २३.४. तो जादा वजनाचं बोलायला लागला. या वेळी बॅगेचं चाक कुठे टेकलेलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "साहेब, बॅग उतरवतो, रिकाम्या पट्ट्यावर काय येतं ते जरा बघू या का?" मागच्या माणसानं सुस्कारा टाकला, लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. बॅग उतरवली. पडदा ०.४ वर थांबला आणि तिथेच राहिला. काउंटरवाल्यानं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक बटण दाबलं. ०.०. बॅग परत ठेवली, २३.०. तो हसला आणि त्यानं चिठ्ठी लावली. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, रोज हजार बॅगा आपटल्यावर कुठलाही काटा शून्य विसरतो. पण रिकामा काटा बघायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला असतो, तो मागा. हातातल्या काट्यानं आधी तोललेलं असलं की मागायला तोंड होतं, आणि माझ्या मते हे यंत्र घ्यायचं खरं कारण हेच.

ताऱ्यांचं म्हणाल तर पाचपैकी साडेतीन. एक तारा बॅटरीच्या झाकणाला गेला, अर्धा त्या मुंगीएवढ्या एककाला. बक्कल आणि पट्टा दणकट आहेत, आठ दिवस पोरांच्या हाती राहूनही शिवण उसवलेली नाही.

घरी आल्यावर बाजूचा कप्पा उघडला. जुन्या कापडात घट्ट गुंडाळलेली शिवणाची मोठी लोखंडी कात्री. मुठीचा काळा रंग अंगठ्याच्या जागी उडालेला. बायकोनं लगेच ओळखली, आईच्या जुन्या फोटोत मशीनशेजारी आहे ती. मावशी लग्न होऊन जाताना घेऊन गेली असणार. मशीन तिकडे गेलं, कात्री इकडे आली. कापडासकट पट्ट्यात अडकवून तोलली. एक किलोच्या खाली हा काटा जरा अस्थिर आहे, आकडा बराच वेळ ०.६० आणि ०.६३ च्या मधे खेळत राहिला आणि ०.६१ वर गोठला.